उठला तो तोच का?

नगर–सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात दुपारी वीज गेली, बॅटरी १० टक्क्यांवर आली आणि कुणी लिनक्सचा लॅपटॉप ‘हायबरनेट’ करून मिटून ठेवला, तर वीज आल्यावर काय दिसेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही. कधी भरायला घेतलेला अर्ज सोडला तिथंच उघडा असतो, कर्सर त्याच अक्षराशी लुकलुकत असतो. कधी नुसता काळा पडदा. कधी यंत्र नव्यानं सुरू होतं, पासवर्ड विचारतं, फायली जागच्या जागी असतात. भरत आणलेला अर्ज तेवढा नसतो.

लॅपटॉपच्या साध्या झोपेत मेमरीला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेशनमध्ये मेमरीतला ऐवज डिस्कवरच्या ‘स्वॅप’मध्ये उतरवून यंत्र पूर्ण बंद होतं. पुन्हा चालू केलं की आधी एक नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठतो. तो स्वॅपमध्ये खूण शोधतो, सापडली तर जुनी स्मृती मेमरीत चढवतो आणि तिच्या हाती कारभार देऊन स्वतः नाहीसा होतो. खूण सापडली नाही, स्वॅप अपुरा पडला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट जागा झाला नाही, की सगळं फिसकटतं. लिनक्सच्या उबंटू या अवतारानं २०१२ मध्ये, १२.०४ या आवृत्तीत, हा पर्याय मेनूतून काढूनच टाकला.

पण नव्यानं सुरू झालेलं ते यंत्र तेच म्हणायचं का?

माणसाबद्दल हा प्रश्न आपल्याकडं फार कसून विचारला गेला. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक सूत्र याचसाठी आहे: गाढ झोपेतून उठतो तो झोपलेलाच जीव, की दुसरा कुणी? शंका साधी नाही. पाण्याच्या राशीत टाकलेला थेंब तोच म्हणून परत काढता येईल का? शंकराचार्यांच्या भाष्यातलं पहिलं उत्तर मात्र अगदी रोजच्या जगण्यातलं आहे. काल अर्धं टाकलेलं काम माणूस आज पुढं नेतो. दुसऱ्याच्या अर्धवट कामाला कुणी आपलं म्हणून हात घालत नाही. शिवाय आठवण आहे. थेंबाला ओळखायला खूण नसते. जीवाबरोबर त्याचं कर्म आणि त्याची अविद्या असते.

या कसोटीवर अर्ज गमावलेला लॅपटॉप दुसराच ठरतो, पेटी तीच असली तरी. आणि ही कसोटी खरी वाटते, कारण सकाळी उठल्यावर आपणही आधी अर्धवट कामालाच शोधतो.

तरी एक फरक उरतो, आणि तो मोठा आहे. नव्या कर्नलला काही हरवल्याचं कळतच नाही. कळतं ते समोर बसलेल्याला. माणूस मात्र उठून स्वतःच म्हणतो, गाढ झोपलो होतो, काही कळलं नाही. ते ‘काही नाही’ कुणी पाहिलं? अद्वैती त्याला साक्षी म्हणतात. तो कुठं उतरवून ठेवावा लागत नाही.

या साक्षीचा धागा मिरजगावच्याच नगर जिल्ह्यात सापडतो. तिथं पुणतांब्याला, गोदाकाठी, चांगदेवांची समाधी आहे. मरणाची घटका आली की योगबळानं ती चुकवत ते १४०० वर्षं जगले, असं परंपरा सांगते. स्वतःला इतकं जपलेल्या या योग्याला ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायनाच सुचेना. वयानं लहान, ज्ञानानं थोर, लिहायचं कसं? कागद कोराच गेला. उलट आलेल्या ६५ ओव्या, चांगदेव पासष्टी, बोलतात त्या पाहणाऱ्याविषयी: जो दिसतो, जो पाहतो आणि जे पाहणं आहे, ते तिन्ही वेगळे नाहीत.