अस्तर सुकेपर्यंत

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर जुबैल नावाचं शहर आहे. एके काळी तिथे मासे धरणाऱ्यांची आणि समुद्रातून मोती काढणाऱ्यांची वस्ती होती. १९७५ मध्ये जुबैल आणि यानबूसाठी सरकारने शाही आयोग नेमला आणि वाळूवर कारखान्यांचं अख्खं नगर उभं राहिलं. त्या कारखान्यांत काम करायला देशोदेशींची माणसं आली, त्यांत आपल्या कोकणातलेही आले. खेड तालुक्यातला एक सुपरवायझर त्यांतलाच. ही गोष्ट त्याची.

भट्टीच्या आत उष्णता झेलणारं जे अस्तर असतं, विटांचं आणि ओतीव कास्टेबलचं, ते बदलण्याची कामं तो सांभाळी. कामाइतकाच जीव सायकलवर. शुक्रवारी पहाटेची फज्रची नमाज झाली की दोस्तांबरोबर निघायचं, जुबैलमधल्या फनातीरच्या समुद्रकाठाने लांबवर जायचं आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं, हा त्याचा नेम.

नोव्हेंबर २०२१ मधल्या एका शुक्रवारी तो नेम मोडला. सौदीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. सायकलवाला उजव्या कडेने सरळ निघालेला असतो. त्याच्या डावीकडून पुढे आलेली गाडी सिग्नलवर एकदम उजवीकडे वळली, की ती त्याची वाटच कापते. तसंच झालं. गाडीचा मागचा भाग लागला आणि तो उडून पडला. पडताना माणूस हात पुढे टाकतो, हाताला बसलेला दणका खांद्यातून वर जातो आणि कॉलरबोन मोडतं. सायकलवरून पडणाऱ्यांचं हे हाड फार वेळा मोडतं. त्याचं ते मोडलं, दोन बरगड्यांना चीर गेली, हेल्मेट मधोमध तडकलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. गाडीवाला पळाला नाही. त्यानेच ९९७ ला फोन करून रेड क्रेसेंटची गाडी बोलावली आणि ती येईपर्यंत त्याच्या तोंडावर सावली धरून बसून राहिला.

हाड जुळायला जेवढा काळ लागतो तेवढा लागला. हात झोळीतून बाहेर आला, मग खांद्याचे व्यायाम सुरू झाले. दोस्त येत, चहा घेत, आणि जाताना हमखास म्हणत, "पडलं की लगेच परत चढायचं असतं. नाहीतर भीती कायमची बसते." गुडघा खरचटण्यापुरतं पडणं असेल तर हे खरं आहे, आपण सगळे लहानपणी असेच शिकलो. पण ज्याला कुशीवर वळतानाही बरगडी आठवते त्याला हे सांगितलं, की दुखण्यावर आणखी एक ओझं पडतं. दोस्तांची माया खरी होती. सल्ला चुकीचा होता, हे मी स्पष्टच म्हणेन.

फेब्रुवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अल-उलाच्या तांबूस डोंगरांमधून सौदी टूर ही सायकल शर्यत झाली. त्याने ती घरी बसून पाहिली. डिलन ग्रुनेवेगन या डच स्वाराने त्या पाच दिवसांत दोन टप्पे जिंकले. एका दोस्ताने त्याला या स्वाराची मागची हकीकत सांगितली. ५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधल्या कातोवित्से इथे शेवटच्या धावेत ग्रुनेवेगनने आपली रेषा सोडली आणि शेजारचा फाबियो याकोबसेन कठड्यावर आदळला. याकोबसेन मरता मरता वाचला, डॉक्टरांनी त्याला बेशुद्धीतच ठेवलं होतं. ग्रुनेवेगनचं स्वतःचंही कॉलरबोन मोडलं आणि वर नऊ महिन्यांची बंदी आली. पण दोघेही परत आले आणि दोघेही पुन्हा जिंकले.

सुपरवायझरने त्यातलं एवढंच उचललं, की हाड तेच, माणसं परत येतात, मग मी का घरात बसलोय?

२२ फेब्रुवारी २०२२ ला सौदीने आपला स्थापना दिन पहिल्यांदाच साजरा केला. देशभर सुट्टी होती. तो पहाटे उठला, नवं हेल्मेट चढवलं आणि कोणाला न सांगता थेट मोठ्या रस्त्याला लागला. सुरुवात बरी झाली. मग मागून गाडीचा आवाज आला. गाडी लांब होती, आपल्या लेनमध्ये होती, त्याला काहीही करणार नव्हती. पण त्याच्या बोटांनी हँडल असं आवळलं की सायकल सरळ चालेना. नजर पुढच्या चाकाला चिकटली, छाती भरून आली आणि घाम फुटला. गाडी निघून गेली तेव्हा तो कडेच्या दगडावर पाय टेकून उभा होता. तिथून घरापर्यंत त्याने सायकल हातात धरून आणली, बाल्कनीत उभी केली आणि वर चादर टाकली. बायकोला म्हणाला, "विकून टाकू."

ती काही बोलली नाही. तिने फक्त राजापूरच्या चाचांना चहाला बोलावलं.

चाचा म्हणजे त्याच्याच हाताखालचे मिस्त्री. भट्टीचं अस्तर लावण्यात केस पांढरे झालेले. साइटवर ते त्याला साहेब म्हणत, घरी वयाच्या नात्याने एकेरीवर येत. चादर टाकलेली सायकल त्यांनी पाहिली, सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाले,

"गेल्या वर्षी भट्टीचं अस्तर नवं केलं, आठवतं? वरून माणसं येऊन ओरडत होती, भट्टी कधी चालू करता, कधी चालू करता. तू काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, ड्राय-आउट झाल्याशिवाय नाही."

"का?"

"चाचा, तुम्हाला ठाऊक नाही का? नव्या कास्टेबलमध्ये पाणी असतं. एकदम आग दिली तर त्याची आतल्या आत वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि अस्तर फुटून पडतं."

"मग काय करतात?"

"तासाला ठरावीक अंशांनीच तापमान चढवायचं. शे-सव्वाशेच्या आसपास पोचलं की थांबायचं, तासन्‌तास. पाणी निघून गेलं की पुढे चढायचं, परत थांबायचं."

"भट्टीला एवढा वेळ देतोस. स्वतःला मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण आग लावलीस. अरे बाबा, मग फुटणार नाही तर काय होईल?"

तो गप्प झाला. ज्या नियमासाठी तो मोठ्या साहेबांशी भांडला होता, तो आपल्यालाही लागू आहे हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. भीतीही आत मुरलेली असते. ती हळूहळू निघू द्यावी लागते, आणि त्यासाठी थांबलेला वेळ हा वाया गेलेला वेळ नसतो. ही गोष्ट सांगण्यामागे माझं म्हणणं एवढंच आहे.

त्या रात्री त्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ड्राय-आउटचा आलेख काढतात तसा एक आलेख काढला. थोडी चढण, मग सपाट, परत थोडी चढण, परत सपाट. प्रत्येक सपाट जागेवर एकेक ठिकाण लिहिलं. सर्वांत खाली इमारतीचं पार्किंग. त्यावर फनातीरचा समुद्रकाठ, गाड्या नसलेला. मग वसाहतीतले आतले रस्ते, पहाटेचे. मग तेच रस्ते, वर्दळीचे. मग मोठा रस्ता, दोस्तांबरोबर. सर्वांत वर तो सिग्नल. खाली एकच नियम लिहिला: या पायरीचा कंटाळा आल्याशिवाय वरच्या पायरीवर जायचं नाही.

हा नियम मला फार आवडतो. धीर आला की नाही हे माणसाला स्वतःलाही नीट कळत नाही, उसना आव आणता येतो. कंटाळ्याचं सोंग मात्र आणता येत नाही. जिथे परवापर्यंत तळहाताला घाम सुटत होता तिथे आज जांभई येत असेल, तर आतलं पाणी निघून गेलं आहे असं खुशाल समजावं.

पार्किंगमध्ये तो आधी नुसता बसायला, उतरायला आणि ब्रेक दाबून थांबायला शिकला. वीस वर्षं सायकल चालवलेल्या माणसाने हे परत शिकायचं, वरच्या मजल्यांवरची माणसं खिडकीतून बघणार; जड गेलं. पण त्याने केलं. हँडल आवळलं की धक्का सरळ खांद्यात जातो, म्हणून बोटं सैल ठेवायची. चाकाकडे पाहिलं की सायकल डगमगते, म्हणून नजर लांब ठेवायची, कारण नजर जाते तिकडे सायकल जाते. हे सगळं डोक्याला ठाऊक होतं, अंगाला परत शिकवावं लागलं.

समुद्रकाठी त्याची बायको बरोबर आली. खेडच्या हायस्कूलला ती सायकलने जात असे. सौदीत आली तेव्हा बाईने सायकल चालवणं तिथे चालत नव्हतं. २०१३ मध्ये बागांतून आणि समुद्रकाठी, घरचा पुरुष बरोबर असेल तर चालवावी, एवढी मोकळीक मिळाली. पुढे ती आणखी वाढली. एक जुनी सायकल घेऊन ती त्याच्या मागून चालवू लागली आणि तिला एक गोष्ट दिसली, जी ना दोस्तांना दिसली होती ना चाचांना. ती म्हणाली, "पलीकडच्या रस्त्यावरून गाडीचा आवाज आला की तुम्ही श्वास धरून ठेवता. बोलत राहा बघू." काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा तिने सांगितलं, "आपल्या कोकणच्या रेल्वेची स्टेशनं म्हणा." मग तो मोठ्याने म्हणत निघाला, खेड, अंजनी, चिपळूण, कामथे, सावर्डे. बोलणाऱ्या माणसाला श्वास धरून ठेवता येत नाही. रत्नागिरी येईपर्यंत खांदे आपोआप खाली आलेले असत.

२ एप्रिलला रमजान लागला. त्या महिन्यात तिथली रात्र जागी असते. तरावीहची नमाज झाली की कुटुंबंच्या कुटुंबं समुद्रकाठी येतात, मुलं मध्येच आडवी धावतात. अशा गर्दीत त्याने संथ चालवायला सुरुवात केली. कोणी अचानक समोर आलं तरी न घाबरता थांबता येतं, हे त्याच्या हातांना तिथे पटलं.

दरम्यान त्याने त्या शर्यतवाल्यांची हकीकत परत, या वेळी नीट वाचली. पहिल्यांदा ऐकताना जे निसटलं होतं ते आता दिसलं. याकोबसेन पडला ऑगस्टमध्ये आणि शर्यतीत परतला पुढच्या एप्रिलमध्ये, तुर्कस्तानात. तिथे टप्पे जिंकले ते त्याच्या संघातल्या मार्क कॅव्हेंडिशने. याकोबसेन घोळक्यात राहायला नव्याने शिकत होता. तो स्वतः जिंकला तो जुलै २०२१ मध्ये, अपघाताला वर्ष होत आलं तेव्हा, बेल्जियममध्ये. त्यानंतर स्पेनच्या मोठ्या शर्यतीत तीन टप्पे आणि हिरवी जर्सी. जगातल्या सर्वांत वेगवान माणसांपैकी एकालाही पायऱ्या चुकल्या नव्हत्या. बातमीत फक्त शेवटची पायरी येते.

उन्हाळा आला आणि सगळं थांबलं. जुबैलचा उन्हाळा कडक, वर समुद्राची दमट हवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायलाही कायद्याने बंदी असते. तोवर तो वसाहतीतल्या वर्दळीच्या रस्त्यांपर्यंत पोचला होता. ऑक्टोबरमध्ये परत सायकल काढली तेव्हा त्याच रस्त्यावर तीच जुनी धडधड सुरू झाली. फेब्रुवारीतला माणूस असता तर त्याने परत चादर टाकली असती. या वेळी तो दोन पायऱ्या खाली, समुद्रकाठी गेला. बंद पडलेली भट्टीही काही एकदम वरच्या तापमानाला नेत नाहीत. या वेळी पायऱ्या लवकर चढल्या.

२२ नोव्हेंबर २०२२ ला कतारच्या विश्वचषकात सौदीने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं आणि राजाने दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी दिली. रात्रभर लोक रस्त्यावर झेंडे घेऊन नाचले, पहाटे शहर झोपी गेलं. त्या मोकळ्या पहाटे तो दोस्तांबरोबर मोठ्या रस्त्याने निघाला आणि त्या सिग्नलपाशी आला. दोस्त थांबले, पण या वेळी कोणी "चढ" म्हटलं नाही. तो सायकलवरून उतरला, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून सायकल हातात धरून पलीकडे गेला, मग बसला आणि पुढे निघाला.

अजूनही तो तसंच करतो. बाकीचा सगळा रस्ता तो आधीसारखा चालवतो, वाऱ्याविरुद्धही. त्या एका वळणावर उतरतो, कारण तिथे उजवीकडे वळणाऱ्या गाडीला सायकलवाला खरोखरच दिसत नाही. कॅलेंडरवरची सर्वांत वरची पायरी त्याने खोडून टाकली आहे. दोस्तांपैकी एकाला अजून वाटतं, की तेवढं राहिलंच. मला तसं वाटत नाही. विनाकारण वाटणारी भीती त्याने सोडली, सकारण वाटणारी ठेवली. तो पूर्ण बरा झाला आहे.