खोड सांगून विकावं

बैलबाजारात भाव रुमालाखाली ठरतो. दलाल बोटं दाबतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण खोड मात्र उघड सांगायची, अशी जुन्या माणसांची रीत. "बशा आहे हं, ऊन चढलं की तासातच बसतो." एवढं बोललं की भाव पडतो. तरी सांगायचं.

हे आठवायचं कारण अमेरिकेतली एक गाडी. माझा पुतण्या मिशिगनला असतो. त्यानं मागल्या साली जुनी शेव्हरोले कॉर्व्हेअर घेतली, 1962 ची. इंजिन मागं. सहा सिलिंडर, तीन या अंगाला तीन त्या अंगाला, आडवे निजलेले. पाणी नाही, सगळं हवेवर थंड होतं. पुढचं बोनेट उघडलं तर सामान ठेवायची जागा! त्यानं गाडी उचलून खालचा गंज बघितला, तेल कुठं गळतंय ते बघितलं. बैलाचे दात बघावेत तसं. विकणाऱ्यानं त्याला आधी काय सांगितलं, तर टायरची हवा. पुढं 15 पौंड, मागं 26.

वजन मागं असल्यानं हा फरक ठेवावा लागतो. 1963 पर्यंतच्या गाड्यांत मागची चाकं अशी बसवलेली, की जोराच्या वळणावर चाक आत दुमडायचं नि गाडीचा मागचा भाग फेकला जायचा. जनरल मोटर्सनं हवेचा आकडा पुस्तिकेत छापला होता. पण चारी चाकांत सारखी हवा भरायची लोकांची सवय. पुस्तिका कोण उघडतो? 1964 ला जादा पाटा घातला, 1965 ला मागची रचनाच बदलली. त्याच साली राल्फ नेडर या वकिलाचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' आलं. पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर. कंपनीनं त्याच्या मागं गुप्तहेर लावले. 1966 ला अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढं माफी मागावी लागली.

पुढं 1972 च्या सरकारी अहवालात निघालं, की ही गाडी त्या काळच्या तसल्याच दुसऱ्या गाड्यांहून वाईट नव्हती. मग कंपनी सुटली का? पुतण्या म्हणतो, सुटली. मला पटत नाही. बैल बशा असल्याचं पावतीमागं बारीक अक्षरात लिहिलं, तर ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं? शेजाऱ्याचेही बैल बसतात, हे काय उत्तर झालं?

त्याची बायकोही ती गाडी चालवते. हवेचं तिला सांगितलंस का, विचारलं. "डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवलीय, काका." म्हटलं, चिठ्ठी राहू दे, तोंडानं सांग.