उसनं दिलेलं पुस्तक

अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने आमच्या गावात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गात, मैलारपूरच्या देवळात. देवळं दोन, मूर्ती एक. पौष पौर्णिमेची यात्रा तिकडे भरते. देव हलायच्या आधी दोन्हीकडची मंडळी बसून लेखी करार करतात. न्यायचा कधी, परत आणायचा कधी, हे कागदावर येतं, मग देव निघतो. शेजारच्या गावाला देव द्यायचा तर कागद कशाला, असं लहानपणी वाटायचं. हल्ली मला तो कागद फार आवडतो. दिलेली वस्तू परत येणार आहे, हे देणारा आणि घेणारा दोघंही धरून चालले आहेत, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

मागच्या दिवाळीत मी याच्या अगदी उलट केलं. शाळेतल्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘काहीतरी चांगलं सांग रे वाचायला, ऐकायला.’ मला चेव आला. रात्री जागून पंचवीस नावांची यादी केली. ‘माणदेशी माणसं’पासून ‘झाडाझडती’पर्यंत पुस्तकं, चार ब्लॉग, ‘अमुक तमुक’सारखे मराठी पॉडकास्ट. सकाळी अकरा अंगठे आणि तीन हात जोडलेले. त्यातलं कुणी काही उघडलं का, हे आजतागायत कळलेलं नाही. खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारलं नाही. यादी टाकून मी मोकळा झालो होतो. आपण काय काय वाचतो ते चारचौघांना दाखवून झालं, तेवढ्यावर माझं समाधान झालं होतं.

त्या यादीत ‘एक होता कार्व्हर’ होतं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकी शेतीशास्त्रज्ञाचं वीणा गवाणकरांनी लिहिलेलं हे चरित्र 1981 साली आलं आणि तोंडोतोंडी पसरत गेलं. मराठी घरांत भेट म्हणून इतक्यांदा दिलं गेलेलं दुसरं चरित्र मला तरी चटकन आठवत नाही. गंमत म्हणजे गवाणकर स्वतः ग्रंथपाल होत्या. कुणाच्या हातात काय ठेवायचं, हा त्यांच्या नोकरीचाच भाग. ग्रुपवरच्या यादीने जे झालं नाही ते पुढे माझ्या घरातल्या जुन्या प्रतीने केलं, तेही मी मनात धरलं होतं त्याहून वेगळ्या रीतीने.

झालं असं की, एक मित्र घरी आला होता. शेती करतो, दहावीनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही. सोयाबीनचा उतारा दरवर्षी कमी येतोय म्हणून वैतागलेला. मी कपाटातून कार्व्हर काढून दिलं. माझ्या डोक्यात नेहमीचंच: गुलामीत जन्मलेला पोरका मुलगा, शिकायची ओढ, जिद्द; वाचून याला उभारी येईल. दीड महिन्याने पुस्तक परत आलं. पानांत भुसा, पाठीवर चहाचा गोल डाग. त्याने जिद्दीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाला, “आरं, ह्यो माणूस म्हणतोय कापसानं जमीन खाल्ली, आता शेंगा लावा. सोयाबीन बी शेंगंचंच पीक हाय की. धा वर्सं तेच लावतोय. मग आमच्या रानाला काय रोग आला?”

मी चाट पडलो. पुस्तक तीनदा वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता, कारण मला रान नाही. मग दोघं मिळून शोधायला लागलो. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका चाळल्या, दोन मुलाखती ऐकल्या. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, हे खरं. पण त्यातला बराचसा दाण्यात जातो, आणि दाणा पोत्यात बसून आडतीवर. भुसाही रानाबाहेर गेला, कधी पेटवला, तर मातीला उरतं काय? वर दरसाल तेच पीक, म्हणजे त्याच किडी, तेच रोग. कार्व्हर नुसतं शेंगा लावा म्हणून थांबला नव्हता. पिकं फिरवा, पालापाचोळा रानातच कुजवा, हेही त्याने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ती पानं मी ‘प्रेरणा’ शोधताना भराभर उलटली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सुचवणं हे तिथे सुरू झालं. पुस्तक दिलं तेव्हा मी फक्त एक वस्तू हलवली होती. ते प्रश्न घेऊन परत आलं तेव्हा आमच्या दोघांत काहीतरी घडलं. पुढे ढकललेली लिंक परत येत नाही. तिची वाट पाहावी असं पाठवणाऱ्यालाही वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, मोबाइलच आता आपली आवड ओळखून सुचवतो, मित्राची गरज काय? ते खोटं नाही. मोबाइलने मला असे आवाज ऐकवले आहेत जे अणदुरात बसून कुणी सांगितले नसते. पण मी काल काय ऐकलं यावरून तो आज काय ऐकवायचं ते ठरवतो. मित्राचा उतारा घटलाय, बहिणीला रात्री झोप लागत नाही, हे मला माहीत असतं आणि म्हणून मी त्यांना न रुचणारं, न मागितलेलंही देऊ शकतो. आणि चुकलं तर तोंड दाखवायचं असतं.

तोंड दाखवायचं असणं, ही साधी गोष्ट नाही. आमच्याच गावातल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने आसपासच्या खेड्यांतल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. त्यांच्या शब्दाला वजन कशाने येतं, याचा विचार केला तर एक कारण मला दिसतं. जिला सल्ला दिला ती उद्या सकाळी हापशावर भेटणार असते. तिथे ऐकीव गोष्ट ठोकून देऊन चालत नाही. पुस्तकाने कुणी दगावत नाही, मान्य. पण वाचायला बसलेल्याची आठ-दहा रात्रींची उसंत खर्ची पडते, आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाकडे तेवढीच असते. पहिलंच पुस्तक जड निघालं तर ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून तो कायमचा उठतो. अशी दोन माणसं माझ्या खात्यावर आहेत. एकाला मी दीडशे पानं ‘सोसायला’ सांगितलं होतं, पुढे मजा येते म्हणून.

आता मी यादी करत नाही. आधी विचारतो, सध्या डोक्यात काय चाललंय? शिवणाचं मशीन चालवणाऱ्या वहिनींना वाचायला वेळ नाही, पण कान मोकळे असतात. त्यांना दीड तासाच्या गप्पा पाठवताना लिहितो, ‘अठराव्या मिनिटापासून ऐका, तिथवर नुसत्या ओळखी आहेत.’ त्या ऐकतात आणि ‘तो पाहुणा मधेमधे लई बोलतो’ असा निरोप येतो. बरोबर असतं त्यांचं.

कार्व्हर परत देताना मित्राने विचारलं होतं, “नळदुर्गला मेव्हण्याला दिऊ का?” मी पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख घातली. तो बघून हसला, “आता काय, करार करतू का?” मग म्हणाला, “आन् मला दुसरं दे. माणसावरचं नको. मातीवरचं पायजे, आपल्या काळ्या मातीवरचं.” कपाटापुढे बराच वेळ उभा राहिलो. त्याच्या हातात ठेवावं असं एकही मिळालं नाही. अजून शोधतोय.