आश्रयाचें पुण्य कोणाचें?

संकटांत सांपडलेल्या परक्यास आश्रय देणें हें सत्कृत्य होय, याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. परंतु ज्या भूमीवर तो परका येऊन राहिला ती देण्याचा हुकूम दुसऱ्यानें केला, त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च तिसऱ्यानें सोसला, आणि आपण केवळ शेजारीं राहत होतों, असें असेल तर त्या आश्रयाचें पुण्य आपल्या पदरीं पडेल काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु कोल्हापूरच्या इतिहासांत तो खरोखरच उत्पन्न झाला, म्हणून वाचकांनीं त्याचा शांतपणें विचार करावा अशी विनंति आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. पोलंडला दिलेल्या वचनास जागून ब्रिटन व फ्रान्स यांनीं ३ सप्टेंबर रोजीं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सोव्हिएट रशियाचें सैन्य पूर्वेकडून पोलंडांत शिरलें, आणि दोन बलाढ्य शेजाऱ्यांनीं त्या देशाचे दोन वाटे केले. पुढें १९४० व १९४१ सालीं पूर्व पोलंडांतील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तान येथें नेण्यांत आलें. जून १९४१ मध्यें जर्मनी रशियावर उलटला, तेव्हां कालचे बंदिवान रशियास मित्र म्हणून हवेसे झाले व त्यांची सुटका झाली. १९४२ सालीं एक लाखाहून अधिक पोलिश लोक इराणांत पोहोंचले. सशक्त पुरुष सैन्यांत गेले. बायकामुलांचें काय करावें हा प्रश्न उरला.

त्यांपैकीं कांहीं मुलांसाठीं जामनगराजवळ बालाचडी येथें छावणी निघाली. १९४३ सालीं कोल्हापूरपासून कांहीं मैलांवर वळिवडे येथें त्याहून मोठी वसाहत उभी राहिली. सुमारें ५,००० पोलिश स्त्रिया, मुलें व वृद्ध माणसें तेथें आलीं, आणि १९४८ पर्यंत ती वसाहत चालली. बराकींच्या रांगा, शाळा, इस्पितळ व प्रार्थनामंदिर असें एक परदेशी गांवच पंचगंगेच्या खोऱ्यांत वसलें.

आतां पुण्याचा हिशेब पाहूं. वसाहत करण्याचा निर्णय हिंदुस्थान सरकारचा होता. खर्चाचा भार लंडनमध्यें आश्रयास असलेल्या पोलिश सरकारनें उचलला होता. कोल्हापूरच्या गादीचा वारस तर त्या वेळीं अज्ञान बालक होता. मग वळिवड्याच्या शेतकऱ्यास किंवा शाहूपुरीच्या व्यापाऱ्यास कोणीं विचारलें? कोणींच नाहीं. म्हणून कोणी म्हणेल कीं, येथील लोकांनीं कांहींच दिलें नाहीं. उलट त्यांचें दूध, भाजी व फळें विकलीं गेलीं, म्हणजे त्यांस लाभच झाला.

हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि जेवढा खरा आहे तेवढा मान्य केला पाहिजे. जें आपण दिलें नाहीं त्याची बढाई मारूं नये. परंतु हुकुमानें काय होतें आणि काय होत नाहीं, हेंहि पाहावें. हुकुमानें जमीन मिळते, बराक उभी राहते, शिधा येतो. शेजार मात्र हुकुमानें मिळत नाहीं. बाजारांत एक परकी मुलगी येते. तिला आपली भाषा कळत नाहीं, आण्यापैशांचा हिशेब कळत नाहीं. अशा वेळीं विकणाराने आंब्याचा भाव चौपट सांगितला, तर त्याला अडविणारा शिपाई तेथें नसतो. योग्य मोल घेणें हें दान नव्हे. तथापि दुबळ्याच्या अज्ञानाचा लाभ न घेणें हा आश्रयाचा अर्धा भाग होय. हा भाग सरकारच्या हातीं नव्हता, गांवकऱ्यांच्याच हातीं होता.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. त्याच १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. घरचीं मुलें उपाशीं असतां परक्यांचे लाड कशासाठीं, असें विचारणारास केवळ दटावून चालणार नाहीं. परंतु त्याच्या वेदनेचा रोख चुकीच्या माणसाकडे वळला आहे. वळिवड्याच्या मुलांनीं बंगालचा तांदूळ खाल्ला नव्हता. त्यांना आगगाडींत परत बसविलें असतें, तरी बंगालांतील एकहि मूल वांचलें नसतें. उलट मनांत आणलें म्हणजे हजारों अनाथांची सोय महायुद्धाच्या धामधुमींतहि होऊं शकते, हें या वसाहतीनें दाखवून दिलें. म्हणून बंगालची उपेक्षा करणाऱ्या राज्यकर्त्यांविरुद्ध ती वसाहत साक्ष होती. ती स्वतः अपराध नव्हती.

आणि युद्ध तरी निव्वळ परक्यांचें होतें काय? मे १९४४ मध्यें पोलिश सैन्यानें इटलींतील मोंटे कसिनोचा डोंगर सर केला. वळिवड्यांतील कित्येक स्त्रियांचे पति व पुत्र त्या सैन्यांत होते. त्याच इटलींत मराठा पलटणींचे जवान लढत होते. १० जुलै १९४४ रोजीं कोंकणांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे यांनीं तेथेंच प्राण ठेविला, व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डाकवाल्याची वाट पाहणारी मराठी माता आणि पोलिश माता एकाच देशाकडे डोळे लावून बसल्या होत्या.

शेवटीं जय झाला, पण कोणाचा? फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें विजयी राष्ट्रांनीं पोलंडचा पूर्व भाग रशियास देण्याचें मान्य केलें. ज्या देशासाठीं युद्ध पुकारलें, त्याच देशाच्या या लेकरांचीं घरें विजयानंतर परक्या राज्यांत गेलीं. त्यांतील अनेकांना पुढें इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा दूरदेशीं नवा संसार मांडावा लागला. मोठ्यांचें वचन असें विरून गेलें. कोल्हापूरनें मात्र त्यांस कोणतेंहि वचन दिलें नव्हतें; तरीहि पोलंडच्या राजधानींत, वॉर्सा शहरांत, कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आज उभें आहे. पुण्य कोणाचें, याचा निवाडा आश्रय घेणारांनींच केला आहे. त्यांनीं हुकूम कोणीं काढला यापेक्षां आपल्याशीं कोण कसें वागलें, हें लक्षांत ठेविलें.

परंतु या सन्मानानें आपण सुखावून बसूं नये. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित त्याच बराकींत राहावयास आले, आणि तेथें गांधीनगर वसलें. पोलिश पाहुणे जाणारे होते. हे राहणारे होते. त्यांनीं दुकानें घातलीं, बाजारपेठ उभी केली. १८९५ सालीं वसविलेल्या शाहूपुरीसारख्या जुन्या पेठेस नवा प्रतिस्पर्धी झाला. जाणाऱ्या पाहुण्यावर प्रेम करणें सोपें. जो आपल्या समोर दुकान मांडतो, त्याला शेजारी म्हणणें अवघड. खरी परीक्षा तेथें होते.

ती परीक्षा आजहि संपलेली नाहीं. दर वर्षीं ऊसतोडीच्या हंगामांत बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून कुटुंबें कोल्हापूरच्या शिवारांत येतात. त्यांच्यामागें युद्ध नसतें, दुष्काळ असतो. पांचटाच्या खोपींत त्यांचीं लेंकरें थंडीचे महिने काढतात. त्यांच्यासाठीं कोणी स्मारक उभारणार नाहीं, आणि कोणताहि हुकूम आपणांस त्यांचें शेजारी करणार नाहीं. त्यांना विहिरीचें पाणी मिळतें काय, दुकानदार त्यांस योग्य भाव लावतो काय, त्यांचें मूल आपल्या मुलाशेजारीं शाळेंत बसतें काय, एवढें प्रत्येकानें आपल्या गांवीं जाऊन पाहावें. वळिवड्याचें पुण्य आपल्या वाडवडिलांचें होतें. आपलें पुण्य अजून मिळवावयाचें आहे.