तीन रात्रींचा हिशेब

मोह वेचायचे दिवस आणि ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ आमच्या भागात एकाच सुमाराला येतात. तेव्हाच, दरवर्षी न चुकता, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ख्रिस्ती घरांमधल्या मोबाइलवर एक तक्ता फिरू लागतो. बुधवार ते रविवार असे रकाने, दिवसाला पांढरा रंग, रात्रीला काळा. येशूने योनाचा दाखला देताना तीन दिवस आणि तीन रात्री सांगितल्या होत्या. शुक्रवार दुपार ते रविवार पहाट मोजले तर रात्री दोनच भरतात. म्हणून येशूला बुधवारी वधस्तंभावर खिळले, शुक्रवार मागाहून घुसडला, तोही कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२५ साली नायसियाच्या परिषदेत. शुभ शुक्रवार पाळणारे सगळे फसलेले, असा त्याचा शेवट. तोच तक्ता दुसऱ्या हातात पडला की निष्कर्ष उलटतो. ज्यांना तीनपर्यंत मोजता येत नाही त्यांचे पुनरुत्थान कसले मानायचे, असे हसून विचारले जाते. एक जण त्या तक्त्याने शेजारची मंडळी खोटी ठरवतो, दुसरा सगळा धर्मच. दोघांचे गृहीत मात्र एकच आहे: दिवस म्हणजे चोवीस तास, आणि ज्याचे तास जुळत नाहीत तो खोटा.

मला हे गृहीतच अमान्य आहे. तीन रात्रींचा हा हट्ट ग्रंथातून आलेला नाही, भिंतीवरच्या घड्याळातून आला आहे. आणि ज्या मंडळींनी या रात्रींचा प्रश्न सर्वांत आधी मनाला लावून घेतला, त्यांनीसुद्धा वार हलवला नव्हता.

मूळ मजकूर वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही. सर्वांत जुनी साक्ष पौलाची. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, म्हणजे इ.स. ५० ते ६०च्या दरम्यान, तो ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठवला गेला एवढेच सांगतो. वार नाही, प्रहर नाही. पुढे चारही शुभवर्तमाने मरणाचा दिवस शब्बाथाच्या आदला म्हणून नोंदवतात, म्हणजे शुक्रवार. मतभेद आहे तो वाराबद्दल नाही, तिथीबद्दल. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन आहे. योहानात वल्हांडण अजून खायचे आहे, आणि मंदिरात कोकरे कापली जातात त्याच दुपारी येशू प्राण सोडतो. पहिल्या तिघांच्या हिशेबाने यहुदी निसान महिन्याची १५ तारीख, योहानाच्या हिशेबाने १४. मार्क तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, क्रूसावर खिळल्याचे लिहितो. योहानात सहाव्या तासाच्या सुमारास, भर दुपारी, पिलात अजून न्यायासनावरच आहे. हे फरक खरे आहेत. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा सुभेदार होता. त्या वर्षांतले चंद्राचे गणित मांडणारे अभ्यासक बहुधा दोनच तारखांपाशी येतात, ७ एप्रिल ३० किंवा ३ एप्रिल ३३. दोन्ही शुक्रवार.

मग तीन दिवसांचे काय? यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल याच हिशेबाने शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबवत आणि शनिवार पाळत, म्हणून तर त्यांना शनवार तेली नाव पडले. या मोजणीत दिवसाचा तुकडाही पुरा दिवस धरला जातो. एस्तेर राणी तीन दिवस, रात्रंदिवस, उपास करायला सांगते आणि तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते. ज्या मत्तयात योनाचा दाखला आहे, त्याच मत्तयात मुख्य याजक पिलाताला तीन दिवसांनंतरच्या उठण्याची आठवण करून देतात आणि पहारा मागतात तो तिसऱ्या दिवसापर्यंत. दोन्ही बोली त्यांच्या लेखी एकच होत्या. मराठी माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको. आपल्याकडे माणूस शुक्रवारी गेला, तर गेल्याचा दिवस पहिला धरून रविवारी राख सावडतात आणि त्याला तिसरा दिवसच म्हणतात. तिथे कोणी बहात्तर तास मोजत बसत नाही.

नायसियाचा आरोपही कागदावर टिकत नाही. जस्टिन हुतात्मा रोममध्ये इ.स. १५५च्या आसपास लिहितो की येशूला शनिवारच्या आदल्या दिवशी क्रूसावर दिले आणि शनिवारच्या दुसऱ्या दिवशी तो शिष्यांना दिसला. नायसियाच्या आधी सुमारे १७० वर्षे शुक्रवार आणि रविवार दोन्ही जागेवर होते. दुसऱ्या शतकातला गाजलेला वाद वेगळाच होता: ईस्टरचा सण कोणत्या दिवशी करायचा? आशिया मायनरमधल्या मंडळ्या कोणताही वार येवो, निसान १४लाच पाळत. रोममध्ये रविवार पाळत. स्मर्नाचा धर्माध्यक्ष पॉलिकार्प आणि रोमचा धर्माध्यक्ष अनिसेटस भेटले, एकमेकांना पटवू शकले नाहीत, तरी अनिसेटसने पॉलिकार्पला प्रभुभोजनाचा मान दिला आणि दोघे सलोख्याने वेगळे झाले. पुढे रोमचाच धर्माध्यक्ष व्हिक्टर याने त्या मंडळ्यांना तोडायचे ठरवले, तेव्हा धर्माध्यक्ष इरिनेयसने त्याला याच भेटीची आठवण करून दिली. नायसियात ठरले ते इतकेच, की सर्वांनी हा सण एकाच रविवारी करावा. त्या निर्णयाबरोबर कॉन्स्टंटाइनने धाडलेल्या पत्रात ज्यूंविषयी विखार आहे, तो झाकायचे कारण नाही. पण येशू कोणत्या वारी मेला हा प्रश्न त्या परिषदेपुढे नव्हताच.

आता ज्या वळणाकडे तक्तेवाल्यांचे आणि त्यांना हसणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते, तिथे थांबतो. ते वळण सिरियातले आहे.

तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सिरियात ‘डिडास्कालिया’ नावाचा मंडळीच्या शिस्तीचा ग्रंथ तयार झाला. मूळ ग्रीक, पण आज तो संपूर्ण मिळतो तो सिरियाक भाषेत. त्यात शेवटचे भोजन मंगळवारी आहे, अटक बुधवार लागता रात्री, आणि क्रूस शुक्रवारीच. तक्त्यांचे काही पुरस्कर्ते यातला मंगळवार तेवढा उचलतात आणि शुक्रवार खाली टाकून देतात. मंगळवार का आला हे ग्रंथ वाचताना दिसते. बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायची ख्रिस्ती चाल त्याहून जुनी, ‘डिडाखे’ या छोट्या पुस्तिकेपासूनची, म्हणजे पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. डिडास्कालियाचा कर्ता त्या उपासांना अर्थ देतो आहे: बुधवारी धरले म्हणून उपास, शुक्रवारी मारले म्हणून उपास. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या दोन दिवसांच्या मधली कथा तो भरतो.

आणि तीन रात्री? त्या तो अशा मोजतो. शुक्रवारी दुपारपर्यंतचे क्रूसाचे तास हा पहिला दिवस. दुपारी तीन तास अंधार पडला, ती पहिली रात्र. अंधार सरल्यावर तीन वाजल्यापासून संध्याकाळपर्यंतचा उजेड हा दुसरा दिवस. मग शुक्रवारची रात्र, शनिवारचा दिवस, आणि शनिवारच्या रात्रीचे काही तास. तीन दिवस, तीन रात्री, पुरे.

आजच्या वाचकाला ही ओढाताण वाटते. मला ती अत्यंत प्रामाणिक वाटते. एक रात्र कमी पडते हे या माणसाला नीट ठाऊक होते. वार मागे सरकवणे त्याच्या हातात होते; मंगळवारचे भोजन त्याने मांडलेच होते. तरी त्याने शुक्रवारला हात लावला नाही. रात्र म्हणजे काय, हे त्याने वेगळे पाहिले. सूर्य झाकला गेला ती रात्र, मग ती भर दुपारी का असेना. चौथ्या शतकात इराणी साम्राज्यातला अफ्राहाट, ज्याला परंपरा ‘पारसिक ऋषी’ म्हणते, त्याच्याही पुढे गेला. ३३७ ते ३४५ या काळातल्या त्याच्या निबंधांत एक वल्हांडणावर आहे. तिथे तो मोजणी सुरू करतो ती भोजनाच्या रात्रीपासून. ज्याने आपले शरीर खायला दिले आणि रक्त प्यायला दिले, तो त्याच क्षणी मेलेल्यांत गणला गेला, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे मरण सुरू झाले खिळ्यांनी नव्हे, भाकर मोडल्याने. ज्या बिंदूपासून मोजायचे तो बिंदूच त्याने अर्थाने ठरवला.

अफ्राहाटासमोर जो ग्रंथ होता, तोही लक्षात घ्या. त्या भागातल्या मंडळ्यांत तेव्हा चार स्वतंत्र शुभवर्तमाने फारशी वाचली जात नव्हती. इ.स. १७०च्या सुमारास टेशियनने चौघांना विणून एकच कथा केली होती, ‘डायटेसरॉन’. तिथे मार्क आणि योहान यांचे भांडण विणीतच मिटवलेले. वाचायला सुखाचे, सांगायला सोपे. पाचव्या शतकात एदेसाचा धर्माध्यक्ष रब्बुला याने प्रत्येक चर्चमध्ये चार वेगळी शुभवर्तमाने असावीत असा दंडक घातला, आणि सायरसच्या थिओडोरेटने आपल्या भागातल्या डायटेसरॉनच्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून तिथे चार शुभवर्तमाने ठेवली.

हे पाऊल बहुतेक जण सत्तेने केलेली गळचेपी म्हणून सांगतात. त्यात तथ्य आहे. टेशियनवर पाखंडाचा ठपका होता, आणि त्या प्रती गेल्याने मोठे नुकसान झाले. संपूर्ण सिरियाक डायटेसरॉन आज हाती नाही. पण त्या प्रतींच्या जागी काय ठेवले, याकडे पाहा. ज्यांना फक्त विरोध मिटवायचा असतो ते गुळगुळीत पुस्तक काढून खडबडीत पुस्तक देत नाहीत. इथे तिथी जुळणारी कथा गेली आणि तिथी न जुळणाऱ्या चार साक्षी आल्या. योहानातली निसान १४ आणि मार्कातली निसान १५ एकाच व्यासपीठावरून, वर्षानुवर्षे, दुरुस्ती न करता वाचली जाऊ लागली. तो गलथानपणा नव्हता. साक्षीदार चार असतील तर त्यांना एकाच्या तोंडून बोलवायचे नाही, हा निर्णय होता. मराठीतही येशूचे चरित्र आधी विणलेलेच आले. फादर स्टीफन्स यांचे १६१६ सालचे ‘क्रिस्तपुराण’ हजारो ओव्यांची सलग कथा आहे, आणि ना. वा. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ही त्याच वाटेचे. काव्याला ते शोभते. उपासनेत मात्र मराठी मंडळ्या चार शुभवर्तमानेच वाचतात.

ही परंपरा आमच्यापासून दूर नाही. १९६२ साली सिरो-मलबार चर्चचे मिशनक्षेत्र चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, सुरू झाले आणि १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत झाला. या चर्चची मुळे त्याच पूर्व-सिरियाक परंपरेत आहेत, जिच्यातून अफ्राहाट लिहीत होता. बल्लारपूरच्या केरळी घरात पवित्र गुरुवारच्या रात्री तांदूळ आणि उडदाची बेखमीर भाकर वाफवतात, तिच्यावर झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळीचा छोटा क्रूस ठेवतात, घरातला कर्ता ती मोडून थोरांपासून धाकट्यांपर्यंत हातात देतो, आणि सोबत गूळ व नारळाच्या दुधाचे पेय. याला ते पेसहा म्हणतात, वल्हांडणच. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश एपिस्कोपल मिशनही चांद्यात आले होते. त्याचा वारसा सांगणाऱ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात शुभ शुक्रवारी दुपारी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर मनन होते. एकाच जिल्ह्यात गुरुवारी रात्री मार्काच्या हिशेबाने वल्हांडण खाल्ले जाते आणि शुक्रवारी योहानाच्या कथेतून कोकऱ्याचे मरण ऐकले जाते. त्याने कोणाची श्रद्धा मोडलेली नाही.

मग बुधवार आला कुठून? मोठ्या प्रमाणात तो अलीकडे आला, छापील पंचांग आणि मिनिटांचे घड्याळ घराघरात पोचल्यानंतर. अमेरिकन प्रचारक आर. ए. टोरी यांनी १९०७ सालच्या पुस्तकात बुधवारची बाजू मांडली, आणि त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा योहानातला ‘मोठा शब्बाथ’: वल्हांडणाचा शब्बाथ वेगळा, शनिवारचा वेगळा, मध्ये एक दिवस. मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. पण लूकमध्ये रविवारी अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य सांगतात की या गोष्टींना आज तिसरा दिवस आहे. बुधवारपासून मोजले तर तो रविवार तिसरा कसा होणार? ज्यांनी पुराव्यांची नव्याने मांडणी केली त्यांनीही क्रूस हलवला नाही. आनी झोबेर यांनी १९५७ मध्ये डिडास्कालिया आणि ३६४ दिवसांचे जुने सौर पंचांग जोडून भोजन मंगळवारी नेले. कॉलिन हम्फ्रीज यांनी २०११ मध्ये ते बुधवारी नेले. दोघांचाही क्रूस शुक्रवारीच उभा आहे.

आमच्या या जिल्ह्यांत ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. एखाद्या गावात चार-सहा घरे, त्यांना मिळून एक पाळक. तिथे एका तक्त्याने दोन घरे शुभ शुक्रवारच्या उपासनेला यायची थांबली, तर ते नुकसान कोणत्याही गणिताने भरून निघत नाही. पॉलिकार्प आणि अनिसेटस यांच्यातला मतभेद या तक्त्याहून कितीतरी खोल होता. तरी ते एकाच मेजापाशी बसले. २०२५ मध्ये पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या चर्चचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आला. २०२६ मध्ये तो पुन्हा ५ आणि १२ एप्रिल असा विभागला. त्यामुळे कोणाचे पुनरुत्थान खोटे झाले नाही.

हसणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: हे फरक तुम्ही शोधून काढलेले नाहीत, ज्यांनी ग्रंथ जपला त्यांनीच ते उघड्यावर ठेवले आहेत. आणि तक्ता पुढे पाठवणाऱ्या भावा-बहिणींनो, पाठवण्याआधी चारही शुभवर्तमानांतले शेवटचे अध्याय सलग वाचा, चार म्हणूनच वाचा, आणि शेजारच्या मंडळीबरोबर शुक्रवारी उपासनेला बसा.