स्पर्शाचा भाव



पितळेची फुटकी घागर मोडीत काढली तर ती किलोवर जाते. तिच्या काठावर कुणाचं नाव कोरलंय, ती कुणाच्या लग्नात आली, किती विहिरी तिनं पाहिल्या, हे मोडवाला विचारत नाही. तागडीत टाकतो, वजन सांगतो, पैसे मोजतो. सातपुड्यातून म्हसावदला उतरलेली भिल्ल किंवा पावरा बाई अडीनडीला पायातली चांदीची कडी सोडून देते, तेव्हाही हेच. सोनार चांदी तोलतो, त्यातून घट वजा करतो. कडं कुणी घडवलं, किती पिढ्या ते कुणाच्या पायात होतं, याला त्याच्या वहीत रकाना नाही.

तीच घागर, तेच कडं मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवरच्या दुकानात पोचलं की तागडी गायब होते. तिथं त्याला 'अँटिक' म्हणतात. धातू तोच, वजन तेच. मग मधल्या वाटेत किंमत कशानं वाढली?

व्यापारी सांगतो, जुनेपणानं. पण जुनी तर ती मोडीत देतानाही होतीच! आपल्या आया चिंच-राख लावून भांडं लख्ख घासतात. व्यापारी म्हणतो, घासू नका, जुनेपणा जाईल. धातूवर चढलेलं हिरवट-काळं पुट त्याच्या लेखी रुपयाचं. म्हणून तर नव्या मूर्तीला तेजाब लावून, खारट मातीत पुरून ते पुट खोटं चढवायचा धंदाही चालतो. आपल्या अंगावर असला की मळ, आणि मूर्तीच्या अंगावर असला की इतिहास!

जुनेपणाच्याही पुढे एक गोष्ट असते आणि खरा भाव तीच ठरवते: ही वस्तू कुणाच्या हातातली? राजाच्या, सरदाराच्या, मठाधिपतीच्या? मालकांची साखळी जितकी वर जाईल तितकी बोली चढते. २०१४ साली हाँगकाँगच्या सदबीज लिलावात चिनी मातीचा एक लहानसा कप विकला गेला. तोंडाशी आठेक सेंटिमीटरचा, वर कोंबडा-कोंबडीची चित्रं. पंधराव्या शतकातला, मिंग घराण्याच्या चेंगह्वा बादशहाच्या काळचा. किंमत २८ कोटी हाँगकाँग डॉलरांच्या वर. घेणारा लिउ यिच्यान हा एके काळचा टॅक्सी ड्रायव्हर, पुढे शेअरबाजारात गबर झालेला. त्यानं कप घेतला आणि त्यात चहा ओतून प्याला. फोटो निघाला, आणि लोक खवळले. बादशाही कप, आणि त्यात चहा पितोस?

दोस्तहो, कपाला तोंड लावल्यावरून गाव खवळणं आपल्याला नवीन नाही.

खेडोपाडीच्या हॉटेलात आपल्यासाठी कानतुटका कप वेगळा असायचा. तो बाहेर, वळचणीला किंवा कुडाच्या भोकात ठेवलेला. आपणच तो विसळायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा आणि पुन्हा तिथंच ठेवायचा. ही काही कथाकाराची कल्पना नव्हे. १९५५ साली संसदेनं अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा केला, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो. त्यात सार्वजनिक हॉटेलातल्या भांड्यांचा वापर नाकारणं हा गुन्हा म्हणून वेगळा लिहावा लागला. १९५० च्या घटनेतलं सतरावं कलम पुरलं नाही. देशाच्या कायद्यात कपबशीची सोय करावी लागली!

धातूचं तर विचारूच नका. मनूनं चांडाळांच्या वाट्याला फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने लिहून ठेवले. १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी बऱ्या घरच्या काही अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याची नोंद केली आहे. त्या बायांनी कुणाची भांडी चोरली नव्हती. स्वतःच्या पैशानं घेतलेली, स्वतःच्या डोक्यावरची. गुन्हा एवढाच की धातू त्यांच्या हाताला लागला.

ब्राह्मणांनाही कपानं बाटवलंय, नाही असं नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी चहाला गेली आणि केवढं ग्रामण्य उठलं! पण त्यांचं प्रायश्चित्तावर निभावलं. आपल्याला प्रायश्चित्त नव्हतं, कारण बाटवणारी वस्तू चहा नव्हती, आपण होतो.

आता हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून बघा. लिलावात वरच्या माणसाचा हात लागला की वस्तूचा भाव चढतो. गावात खालच्या माणसाचा हात लागला की वस्तूचा भाव उतरतो. मडकं असेल तर फोडायचं, धातू असेल तर राखेनं, विस्तवानं शुद्ध करून घ्यायचा. दोन्हीकडे समजूत एकच: माणसाची पायरी त्याच्या हातातून वस्तूत उतरते आणि तिथं चिकटून राहते. एकाला संस्कृती म्हणतात, दुसऱ्याला विटाळ. व्यापारी कुणाला काठीनं मारत नाही, गाव मारतं. हा फरक मोठाच आहे आणि तो पुसून चालणार नाही. पण वही एकाच लिपीत लिहिलेली आहे. बादशहाच्या स्पर्शाला किंमत आहे असं मानणाऱ्याला महाराच्या स्पर्शालाही उणे किंमत असते, हे मानायला फार लांब जावं लागत नाही.

या वहीत दोन हात कुठंच सापडत नाहीत. एक घडवणाऱ्याचा, दुसरा शोधणाऱ्याचा.

मूर्ती कशी होते? मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, भट्टीत तापवायचं. मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत रस ओततात. थंड झाल्यावर माती फोडून मूर्ती काढतात. ज्या ओताऱ्याचे हात त्या भट्टीपाशी भाजले त्याचं नाव लिलावाच्या यादीत शोधा. मिळत नाही. विकत घेणाऱ्या सात पिढ्यांची नावं मात्र ओळीनं असतात.

शोधणाऱ्याचं बघा. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथं छबू लक्ष्मण भिल्ल झाडाचं मूळ खणत होता. खाली त्याला ब्राँझच्या चार वस्तू लागल्या: दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, शिवाय म्हैस, हत्ती आणि गेंडा. सगळ्या भरीव, मिळून साठ किलोंहून जास्त. पुढे पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळींनी तिथं सलग काही वर्षं उत्खनन केलं. आज भारताच्या प्राचीन कलेवरचं पुस्तक या रथाशिवाय पुरं होत नाही. छबू भिल्लाच्या वाट्याला त्या पुस्तकात बहुधा एक वाक्य येतं: स्थानिक भिल्लाला सापडले. बस्स.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतलं. १९७६ साली पाथूर गावी गोठ्यासाठी खणताना एका मजुराला नटराजाची ब्राँझ मूर्ती मिळाली. मजुराच्या हातात किरकोळ रुपये पडले आणि मूर्ती दलालांच्या साखळीतून लंडनला गेली. १९८२ साली कॅनडाच्या एका कंपनीनं ती अडीच लाख पौंडांना घेतली. पुढे लंडनच्या कोर्टात खटला चालला, आणि तिथं मूर्तीवर हक्क सांगणाऱ्यांत मंदिर होतं, मंदिरातलं शिवलिंगही होतं. आपल्या कायद्यात देव हा हक्क असलेली व्यक्ती आहे ना! १९८८ ला निकाल भारताच्या बाजूनं लागला, १९९१ ला अपिलातही टिकला, नटराज परत आला. मूर्ती परत आली हे चांगलंच झालं. चोरांच्या हातून सुटली. पण दगडाला वादी होण्याचा हक्क सात समुद्रापलीकडे मिळतो, आणि ज्याच्या कुदळीला ती मूर्ती लागली तो माणूस या सगळ्या कहाणीत हक्कदार म्हणून कुठंच उभा राहत नाही, हे ध्यानात ठेवा.

इथं कुणी आपल्याला अडवील आणि अडवावंच. म्हणेल, तुम्ही तरी स्पर्शाची पूजा करत नाही काय? नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, त्यांचा टाइपरायटर जपून ठेवलाय. तिथं गेल्यावर तुमचा ऊर भरून येतो की नाही? येतो. बाजारात त्या टाइपरायटरची किंमत लोखंडाच्या भावानं करणाऱ्याचं तोंड आपण बघणार नाही. मग बादशहाचा कप आणि बाबासाहेबांचा टाइपरायटर यांत फरक काय?

हा सवाल टाळून पुढे जाता येणार नाही. उत्तर शोधायला नालासोपाऱ्याला जाऊ. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती, करंडकात एकात एक डब्या. सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असं भगवानलालांनी मानलं. ते खरोखर त्याच पात्राचे होते की नव्हते, हे बाजूला ठेवू. ज्यांनी स्तूप बांधला त्यांची श्रद्धा बघा. ब्राँझ बाहेर, सोनं भोवती, आणि गाभ्यात खापराचे तुकडे. आणि भिक्षापात्र म्हणजे काय? जे कुठल्याही दारात उभं राहतं, कुणाच्याही हातचं घेतं. सोपाक, सुनीत यांसारख्या हीन मानलेल्यांना ज्या संघात जागा मिळाली त्या संघाचं पात्र. दहा घरच्या हातांचं अन्न त्यात पडलं म्हणून ते बाटलं नाही. त्यामुळेच ते पूज्य झालं.

तेव्हा पारख अशी करावी. एखादी वस्तू आपण मोलाची मानतो, तेव्हा स्वतःला विचारावं: दुसऱ्या कुणाच्या स्पर्शानं हिची किंमत उतरते का? उतरत असेल तर ते मोल म्हणजे विटाळाचीच दुसरी बाजू. मग वस्तू राजाची असो की आपल्या पुढाऱ्याची. बाबासाहेबांचा टाइपरायटर काचेआड असेल तर तो सगळ्यांसाठीच काचेआड आहे. काच झीज थांबवते, माणूस थांबवत नाही. त्या टाइपरायटरला आपण जपतो ते त्यावर झालेल्या कामासाठी. आठवण आणि पायरी यांची गल्लत आपल्यातही होते. उद्या आपल्यातला एखादा पैसेवाला बाबासाहेबांची सही असलेला कागद तिजोरीत घालून मिरवू लागला, तर तोही चोरबाजाराच्याच रांगेत उभा राहिला असं समजावं.

आता आपल्या भागाकडे येतो. म्हसावद ज्या शहादे तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. १९५५ च्या सुमाराला बी. के. थापर यांनी तिथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. तापीकाठच्या सावळदे गावावरून एका संस्कृतीला नाव मिळालंय, आणि दायमाबादच्या अगदी तळाच्या थरात तीच सापडते. म्हणजे या मातीच्या पोटात अजून काय असेल सांगता येत नाही. आणि ही माती खणतं कोण? रोजगार हमीवर, विहिरीवर, पाटावर कुदळ कुणाच्या हातात असते? उद्या तुमच्याच वस्तीतल्या एखाद्याच्या कुदळीला धातू वाजला, तर काय करायचं?

दलाल येईल, रोख देईल. उपाशी माणसानं ते पैसे घेतले तर त्याला नीती शिकवायला आपण जाऊ नये. पण कार्यकर्त्यानं एक गोष्ट समजून सांगावी. दलाल वस्तू घेतो आणि जागा पुसतो. ती कुठल्या गावात, किती खोल, कशाशेजारी सापडली हे सांगणं त्याच्या गैरसोयीचं. दायमाबादचे ब्राँझ शास्त्रशुद्ध उत्खननात निघाले नाहीत, एवढ्यानंसुद्धा त्यांच्या काळावरून पंडितांत वाद आहेत. मग चोरून विकलेल्या वस्तूचं काय? ती मुकी होते. ज्यांच्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्यांना मातीची साक्ष गेली तरी चालेल. आपल्याला पोथी नाही. आपला दस्तऐवज खापरात आणि थरात आहे. तो विकणं म्हणजे स्वतःचा सात-बारा विकणं.

आणि सरकार? १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की दहा रुपयांवरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा, लपवलं तर वर्षापर्यंत कैद. मालक निघाला नाही तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनवाल्याला. ऐकायला बरं वाटतं. पण वस्तू सरकारनं ठेवून घेतली तर मोबदला किती? नुसत्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे कायदाही मोडवाल्याचीच तागडी घेऊन बसलाय! मूर्ती देशाची ठेव होते, शोधणाऱ्याला मोडीचा भाव मिळतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं परवाने आणले, शंभर वर्षांवरच्या वस्तू खाजगी माणसानं परदेशी पाठवणं बंद केलं, ते योग्यच. पण कुदळवाल्याचा हिशेब त्यानं सोडवला नाही.

याच तालुक्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनी कुणाच्या, हा सवाल तिनं विचारला. जमिनीच्या पोटात आहे ते कुणाचं, हा त्याच सवालाचा पुढचा भाग आहे. आपली मागणी साधी असावी. वस्तू जनतेची, सगळ्यांनी पाहायची. शोधणाऱ्याला धातूच्या वजनावर नव्हे, वस्तूच्या मोलावर मोबदला. पंचनाम्यात आणि संग्रहालयातल्या पाटीवर त्याचं नाव.

आणखी एक काम आपलं आपणच करायचं. वळचणीचा तो कानतुटका कप अजून कुठं सापडला तर फोडू नका, रागानंसुद्धा नाही. गाव, हॉटेल, साल, कोण त्यातून प्यायचं, सगळं लिहून घ्या आणि कप जपून ठेवा. संग्रहालयात चिनी मातीचं दालन असतंच. तिथं त्यालाही जागा मागू.