दूरस्थाचे प्रत्यक्ष

टेलिकन्व्हर्टर म्हणजे टेलिफोटो लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचा छोटा भिंगसंच. लेन्सने घडवलेल्या प्रतिमेचा मधला भाग मोठा करून सेन्सरवर पसरवणे एवढेच त्याचे काम असले, तरी दूरच्या वस्तूचे ज्ञान ‘प्रत्यक्ष’ केव्हा म्हणावे, हा भारतीय दर्शनांतला जुना प्रश्न पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यापुढे तो पुन्हा उभा करतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी इंद्रिय आणि अर्थ, म्हणजे विषय, यांच्या सन्निकर्षातून किंवा संबंधातून उपजणारे ज्ञान प्रत्यक्ष मानले. नैयायिकांच्या मते डोळ्यातून निघणारा तेजाचा किरण वस्तूपर्यंत पोहोचतो, म्हणून डोळा ‘प्राप्यकारी’, म्हणजे विषयाला गाठून जाणणारा ठरतो. बौद्ध आणि जैन आचार्यांनी मात्र डोळा विषयाला न गाठताच पाहतो, असे प्रतिपादन केले. काच, अभ्रक किंवा स्फटिक यांच्या आडची वस्तूही दिसते, मग गाठणे कसले, हा आक्षेप न्यायसूत्रांनी स्वतःच नोंदवला आहे आणि स्वच्छ द्रव्य किरणाला अडवत नाही, असे त्याचे उत्तर दिले आहे. प्रकाशाची दिशा नैयायिकांच्या समजुतीच्या उलट, म्हणजे वस्तूकडून डोळ्याकडे असते, हे आता निर्विवाद आहे. पण मध्ये काच आल्याने संबंध तुटत नाही, हा त्यांचा मुद्दा दिशा उलटल्यावरही टिकतो, आणि म्हणून टेलिकन्व्हर्टरमधून दिसलेला पक्षी प्रत्यक्षच दिसला, असे म्हणणे योग्य ठरते.

मात्र या प्रत्यक्षात भर कशाची पडते, हे नीट पाहिले पाहिजे. ५०० मिलिमीटर, एफ/४ अशा लेन्सचे प्रकाश आत घेणारे द्वार १२५ मिलिमीटर व्यासाचे असते. तिला २ पटीचा टेलिकन्व्हर्टर जोडला की ती १००० मिलिमीटर, एफ/८ होते, पण द्वार तेवढेच राहते. पक्ष्याकडून आलेल्या प्रकाशात एका कणाचीही वाढ होत नाही. तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून प्रतिमेची उजळता चौथ्या हिश्श्यावर येते, आणि मूळ लेन्सचे दोषही तेवढेच मोठे होतात. १.४ पटीच्या संचात उजळता निम्मीच घटते; सेन्सरला पिसांचे बारकावे अधिक ठिपक्यांत टिपता यावेत एवढाच हेतू असेल, तर हा संयमच अधिक विवेकी म्हणावा लागतो.

याच न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाला ‘अव्यभिचारी’, म्हणजे विषयाशी फारकत न घेणारे, असे विशेषण लावले आहे. ते समजावताना भाष्यकार वात्स्यायनाने ग्रीष्मातले मृगजळ घेतले: भूमीच्या उष्म्याशी मिसळून थरथरणारे किरण दूर उभ्या माणसाला पाणी वाटतात. उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला भर दुपारी लांबच्या रोहित पक्ष्यांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर, लेन्स रोखणाऱ्याच्या चित्रात हीच थरथर उतरते. तापलेली हवा प्रकाश वाकडातिकडा वळवते, आणि टेलिकन्व्हर्टर पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करून दाखवतो. अशा वेळी दोष काचेत नसून अंतरात असतो, आणि जवळ जाण्याचा मोह तिथेच अनावर होतो.

सन्निकर्षाच्या सगळ्या चर्चेत पाहणाऱ्याचा विचार होतो, पाहिल्या जाणाऱ्याचा होत नाही. दगड किंवा घट हा विषय असेल तोवर ही उणीव खटकत नाही, पण पक्षी स्वतःही पाहत असतो. माणूस किंवा नाव एका ठरावीक मर्यादेच्या आत आली की थवा उडतो, आणि मान खाली घालून, उलट्या धरलेल्या चोचीने चिखलपाणी गाळत चाललेले त्याचे खाणे तुटते. टेलिकन्व्हर्टर हे अंतर मिटवत नाही. पक्ष्याच्या दृष्टीने माणूस होता तिथेच राहतो. प्रकाश एका बाजूने येतो आणि परत काहीच जात नाही, अशा या एकतर्फी संबंधाला उणा सन्निकर्ष म्हणण्याऐवजी अहिंसेशी सुसंगत असा सन्निकर्ष म्हणावे, कारण त्यात पाहणाऱ्याला पिसाची गुलाबी कड मिळते आणि रोहिताची मान पाण्यातच राहते.